सदाफुलीच्या पानांविषयी खुलासा
सदाफुलीची पाने अनशापोटी चावून खाल्ल्यास मधुमेह जातो आणि कर्करोगही बरा होतो, हा फिरणारा संदेश चुकीचा आहे. मूळ मादागास्करच्या या झाडाचा पाला मधुमेहावर वापरण्याची परंपरा जमैकासह अनेक ठिकाणी होती, हे खरे. मात्र कॅनडात नोबल आणि बीअर या संशोधकांनी 1950 च्या दशकात तो तपासला, तेव्हा रक्तातील साखरेऐवजी पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या आणि त्यातूनच व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. पानांत अत्यल्प असणारी अशी औषधी द्रव्ये शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच दिली जातात. कच्चा पाला विषारी आहे. गर्भवतींनी तर तो मुळीच घेऊ नये, आणि चालू असलेले उपचार कोणीही कृपया थांबवू नयेत.