डॅक लावला म्हणून कान लोखंडाचे होत नाहीत

"फोनला बाहेरून डॅक लावा आणि फुल व्हॉल्यूमवर तासन्‌तास ऐका. शुद्ध आवाजाने कान जात नाहीत, कान जातात ते फोनच्या फाटक्या आवाजाने." हातोहाती फिरणाऱ्या एका लांबलचक मेसेजमधला हा पाचवा मुद्दा. (डॅक म्हणजे गाण्याच्या डिजिटल आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारं उपकरण.) बाकीचे असे: फोनमध्ये डॅक नसतोच, डॅक लावला की साधी एमपी३ सुद्धा स्टुडिओच्या दर्जाची वाजते, ज्यावर '३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ' छापलंय तोच घ्यावा, ब्लूटूथ इअरफोनचा आवाजही सुधारतो, आणि सहावा, डॅक नुसता खोचला की झालं, पुढचं फोन बघून घेतो. एरवी असला मजकूर वाचून सोडून दिला असता. पण माझ्या शाळकरी भाचीने तो प्रमाण मानून व्हॉल्यूमची पट्टी शेवटपर्यंत नेऊन ठेवली. म्हणून क्रम मोडून आधी पाचव्याचाच समाचार.

अंतःकर्णातल्या केसपेशींना आवाज शुद्ध आहे की फाटका, याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांच्यावर किती जोर पडला आणि किती वेळ पडला, एवढाच हिशेब होतो. हा हिशेब जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून मांडलेला आहे. 'एच.८७०' हे त्यांचं २०१८ चं मानक फोन आणि म्युझिक प्लेअर यांच्यासाठीच आहे. मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, लहान मुलांना ७५ डेसिबलवर ४० तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून मुभा निम्मी. मोठ्यांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास. १०१ डेसिबलवर गेलात तर आठवड्याचा सगळा कोटा १९ मिनिटांत संपतो. डॅक जोडला असेल तर सवलत, असं कलम त्यात नाही.

आता अर्धं खरं काय, तेही सांगून टाकतो. फाटलेला आवाज बोचतो आणि स्वच्छ आवाज बोचत नाही, हे बरोबर आहे. पण धोका नेमका तिथेच आहे. आवाज कर्कश व्हायला लागला की हात आपसूक व्हॉल्यूमकडे जातो. ती कानाला मिळालेली सूचना असते. चांगल्या डॅक-ॲम्पमधून (ॲम्प म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा भाग) शेवटच्या पायरीपर्यंत काहीच फाटत नाही, त्यामुळे ती सूचना मिळतच नाही आणि माणूस नकळत बराच वर जाऊन बसतो. मेसेज लिहिणाऱ्याने निरीक्षण बरोबर केलं आणि निष्कर्ष बरोबर उलटा काढला.

आकड्यांत बघू. इअरफोनच्या खोक्यावर संवेदनशीलता बहुधा 'दर मिलिवॅटला इतके डेसिबल' अशी लिहिलेली असते. ती व्होल्टमध्ये आणायची तर १६ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अवरोधाचं माप) इअरफोनला १८ मिळवा, ३२ ओहमला १५, ३०० ओहमला ५. म्हणजे १६ ओहम आणि १०२ डेसिबल असं लिहिलेला कानात बसणारा इअरफोन १ व्होल्टला १२० डेसिबल देतो. बोटाएवढे डोंगल डॅकसुद्धा आज सर्रास २ व्होल्ट सोडतात, आणि व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डेसिबल जास्त. झाले १२६. सरासरी ८० डेसिबलवर ऐकायला याच इअरफोनला लागतात १० मिलिव्होल्ट, व्होल्टचा शंभरावा भाग. गाण्यातले ठोके सरासरीच्या २० डेसिबल वर उसळतात असं धरलं तरी १०० मिलिव्होल्टमध्ये भागतं. म्हणजे डॅकच्या पूर्ण ताकदीचा विसावा हिस्सा. उरलेले एकोणीस हिस्से 'फुल व्हॉल्यूम' म्हणून कानात ओतायला सांगणारा माणूस इतरांच्या कानांवर उदार झालेला आहे.

फोन आवाज मोठा झाल्याचा इशारा देतो, त्यावरही विसंबू नका. बाहेरचा डॅक किती व्होल्ट सोडतो आणि त्याला लावलेला इअरफोन किती संवेदनशील आहे, हे फोनला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. तो अंदाजाने बोलतो किंवा बोलतच नाही.

सहावा मुद्दा इथेच येतो, कारण अपघात होतात ते याच्यामुळे. 'फोन बघून घेतो' म्हणे. अँड्रॉइडमध्ये सगळ्या ॲपचे आवाज एका मिक्सरमधून जातात आणि तो बहुतेक फोनांत ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नमुन्यांवर, चालतो. तुमची ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ ची होऊन डॅकपर्यंत पोचते. कानाला बहुधा फरक कळत नाही, पण 'बिट-परफेक्ट' म्हणतात ते हे नव्हे. तसं हवं तर स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेलं ॲप लागतं, 'यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो'सारखं, किंवा अँड्रॉइड १४ पासून आलेली सोय वापरणारं एखादं. आणि बिट-परफेक्ट म्हणजे फाइलमधल्या आकड्यांना कोणी हात लावायचा नाही. फोनची व्हॉल्यूमची बटणं हेच आकडे लहान करून आवाज कमी करत असतील, तर या मोडमध्ये ती कुचकामी ठरतात. डॅकमध्ये स्वतःचा हार्डवेअर व्हॉल्यूम असेल तर ठीक. नसेल तर पहिल्याच सुराला पूर्ण २ व्होल्ट. इअरफोन कानात असेल तर काय होईल, ते वरच्या हिशेबात आलंच आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डॅक फोनला जोडा, इअरफोन कानात न घालता. डॅकवर बटणं असतील तर त्याचा व्हॉल्यूम तळाला आणा आणि 'गेन'ची (आवाज किती पट वाढवायचा त्याची) निवड असेल तर 'लो' ठेवा. ॲपच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर व्हॉल्यूम सापडला आहे का ते बघा. नसेल तर ॲपमधला सॉफ्टवेअर व्हॉल्यूम चालू करा, बिट-परफेक्टचा हट्ट सोडून द्या. गाणं लावा, इअरफोन कानाजवळ धरून बघा, मग घाला. डॅक उपसून पुन्हा लावला किंवा मधेच दुसरं ॲप उघडलं की काही डोंगल पूर्ण व्हॉल्यूमवर परत जातात. दर वेळी तोच क्रम. डॅक अजिबात ओळखला जात नसेल तर तीन जागा तपासा. काही फोनांत ओटीजी (फोनला बाहेरची यूएसबी उपकरणं जोडायची सोय) हाताने चालू करावं लागतं आणि वापर नसला की ते आपोआप बंद होतं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी ऑडिओ राउटिंग बंद करायचा एक खटका असतो, तो चुकून चालू राहिलेला असतो. आणि वायर: चार्जिंगपुरती बनलेली वायर डेटा नेत नाही. लायटनिंग पोर्टच्या जुन्या आयफोनला तर चार्जिंगची सी-लायटनिंग वायर चालतच नाही. ओटीजीची वेगळी वायर किंवा ॲपलचा कॅमेरा अडॅप्टर लागतो.

फोनमध्ये डॅक नसतो? मग फोनचा स्पीकर काय वाऱ्यावर वाजतो? डिजिटल आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर झाल्याशिवाय कुठलाच पडदा हलत नाही. जॅक नसलेल्या फोनमध्येही स्पीकरसाठी डॅक असतोच. नसते ती फक्त इअरफोन खोचायची जागा. ॲपलचं इवलंसं यूएसबी-सी डोंगल हेही डॅकच आहे, आणि मापनात ते भल्या भल्या उपकरणांच्या पंगतीत बसतं. (अँड्रॉइडला लावलं की पुष्कळदा आवाज बारीक येतो, कारण त्याचा हार्डवेअर व्हॉल्यूम फोन नीट वर नेत नाही. दोष डोंगलचा नाही.) खबरदारी घ्यायची ती डॅक नसलेल्या नुसत्या अडॅप्टरांची. तेही दिसायला तसेच असतात, पण फोननेच पोर्टातून ॲनालॉग आवाज दिला तर वाजतात. तुमचा फोन देत नसेल तर मुकाट.

एमपी३ च्या मुद्द्यावर शाई घालवण्यात अर्थ नाही. १२८ केबीपीएसची एमपी३ करताना साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं असतं आणि खालचंही बरंच गाळलेलं असतं. डॅक फाइलमध्ये आहे तेवढंच वाजवतो.

३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झचं मात्र थोडं सांगायला हवं, कारण खर्च याच आकड्यांपायी होतो. बिट म्हणजे प्रत्येक नमुन्याची बारकाई. १६ बिटांत ९६ डेसिबलचा आवाका मिळतो आणि ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर पूर्ण बसतात. तरुण, धडधाकट कानाची हद्द २० किलोहर्ट्झ. उत्तमातल्या उत्तम डॅकची खरी मजल साधारण २०-२१ बिटांच्या आसपास थांबते, त्याखाली सगळा इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा गोंगाट. ३२ हा आकडा चिपच्या दारावर लिहिलेला आहे, घरात तेवढं काही नाही. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलेला प्रयोग असा: हाय-रेझोल्यूशन डिस्क एकदा थेट वाजवायची, एकदा मधे १६ बिट ४४.१ चा टप्पा घालून, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवूनही एवढी बरोबर येतात. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी असे पुष्कळ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. योगायोगापेक्षा जास्त, हे कबूल. त्यासाठी जुना डॅक मोडीत काढायचा का, ते ज्याचं त्याने ठरवावं. एक गोष्ट खरी: ॲपल म्युझिकवरची ४८ किलोहर्ट्झच्या वरची गाणी आयफोनवर मूळ रूपात ऐकायची तर बाहेरचा डॅक लागतो, असं ॲपलच सांगते.

ब्लूटूथ इअरफोनमध्ये डॅक आणि ॲम्प दोन्ही आतच असतात. फोन हवेतून पाठवतो ते कोडेकने (आकडे आवळायच्या पद्धतीने) आवळलेले आकडे. पोर्टाला लटकवलेल्या डॅकपाशी ते फिरकतही नाहीत. बॅटरी मात्र तो खातो.

मग डॅक कोणाला हवा? जॅक नसलेल्या फोनवर वायरचा इअरफोन वापरणाऱ्या प्रत्येकाला, हे उघड आहे. जॅकमधून सतत सूं-सूं असा आवाज ऐकू येत असेल त्याला. आणि तिसरं कारण, ज्याचा मेसेजमध्ये मागमूस नाही: आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे जॅकचा किंवा डॅकचा स्वतःचा अवरोध. काही इअरफोनांचा, विशेषतः एका कानात अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (चिमुकले स्पीकर) असलेल्यांचा, अवरोध स्वरागणिक बदलतो. कुठे १० ओहम, कुठे ४०. त्यांना १० ओहमच्या जॅकवर लावलं तर पहिल्या ठिकाणी ६ डेसिबल गळतात आणि दुसऱ्या ठिकाणी २. चार डेसिबलचा हा उंचसखलपणा कोणालाही ऐकू येतो. १ ओहमच्या डॅकवर तोच फरक अर्ध्या-पाऊण डेसिबलवर येतो. 'डॅक लावला आणि इअरफोनचा स्वभावच बदलला' म्हणणारे सगळे थापा मारत नाहीत, ते इथे. घेताना बिटांपेक्षा हा आकडा बघा: इअरफोनच्या सर्वांत कमी अवरोधाच्या आठव्या हिश्शाहून तो लहान हवा.

ताकदीसाठी डॅक लागतो तो थोड्यांनाच. ३०० ओहम आणि ९८ डेसिबलच्या हेडफोनलाही सरासरी ८० डेसिबल आणि वर २० डेसिबलच्या उसळ्या यांसाठी ०.७ व्होल्ट पुरतात. १ व्होल्टचं साधं डोंगल ते देतं. ८३-८४ डेसिबलचे आळशी प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचे) हेडफोन असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना त्याच्या साधारण दुप्पट व्होल्टेज आणि ४० ते ५० मिलिवॅट शक्ती लागते. ४.४ मिमीचा बॅलन्स्ड जॅक (दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या ठेवून जास्त ताकद देणारा) अशांसाठी.

घेतलेला डॅक खरंच काही करतो का, हे तपासताना पहिली अडचण आवाजाच्या पातळीची असते. अर्धा डेसिबल मोठं वाजणारं उपकरण 'जास्त स्वच्छ, जास्त मोकळं' वाटतं, आणि डॅक जवळजवळ नेहमीच मोठा वाजतो. म्हणून १०० किंवा २०० हर्ट्झचा सलग सूर लावा. स्वस्त मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला चुकतात, इथे बहुधा नाही. इअरफोन कानाबाहेर ठेवून, पण जोडलेला असतानाच, स्प्लिटरच्या दुसऱ्या टोकावर एसी मिलिव्होल्ट मोजा. दोन्हीकडचा आकडा एक टक्क्याच्या आत जुळवा; फोनच्या पायऱ्या त्यासाठी फार मोठ्या असतात, तेव्हा बारीक फरक ॲपच्या प्रीॲम्पने (आवाज बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करायच्या सेटिंगने) भरून काढा. मग पिन बदलायचं काम दुसऱ्याकडे द्या, तुम्ही पाठ करून बसा, आणि कुठलं वाजतंय ते १६ वेळा सांगा. १२ किंवा जास्त बरोबर आली तर फरक आहे असं धरा. आठ-नऊ आली तर पावती शोधा, परत करायची मुदत बघा.