‘हिंमतच नाही’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

विद्यापीठांच्या रेडिओ केंद्रांवरच्या माझ्या लेखाखाली एका टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: ‘काका, जागे व्हा. विद्यापीठाचा रेडिओ आता ऐकतो कोण? फीवाढ झाली, निकाल रखडले, त्यावर एक बातमी देण्याची यांची हिंमत नाही. दिवसभर ओव्या आणि आरोग्य-सल्ला. अनुदानावर जगणाऱ्या केंद्रांचं कौतुक करायला रिकामे लोकच लागतात. त्यापेक्षा पोरांना पॉडकास्ट करू द्या.’

पहिली गोष्ट, ‘काका’. वयाने मी कुणाचा तरी काका असेनही, पण हा शब्द इथे नात्यापोटी आलेला नाही, हे कळायला चष्मा लागत नाही. मतभेद असू द्यात की. लेख आवडला नाही तर तसं म्हणा. समोरच्याला आधी म्हातारा ठरवायचं आणि मग मुद्दा मांडायचा, ही पद्धत अलीकडे फार बोकाळली आहे. ‘रिकामे लोक’ही त्याच गोटातलं.

आता त्या बातमीच्या वाक्याकडे येतो. तुम्ही हिंमत काढलीत म्हणून सविस्तर सांगतो. रेडिओचं प्रसारण ज्यांवरून होतं त्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटलं. तरी शिक्षणसंस्थांना स्वतःचं केंद्र काढायची मुभा मिळायला २००२ चा डिसेंबर उजाडला. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, पाठोपाठ २००५ मध्ये पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, एफएम १०७.४ वर. स्वयंसेवी संस्थांना तर २००६ पर्यंत थांबावं लागलं. आणि हे सगळं मिळालं ते एका अटीवर: स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवायची सवलत पुढे मिळाली, तीसुद्धा एका शब्दाचा फेरफार न करता. वर्तमानपत्राला चालतं, वाहिन्यांना चालतं, तुमच्या मोबाइलवर तर काहीही चालतं. शंभर वॅटच्या, गावाची वेस जेमतेम ओलांडणाऱ्या प्रक्षेपकाला मात्र चालत नाही. या बंदीविरुद्ध ‘कॉमन कॉज’ ही संस्था २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. तेव्हा भांडायचंच तर दिल्लीशी भांडा. रात्री एकटा एडिटिंग करत बसलेल्या विद्यार्थ्याची हिंमत कसली काढता?

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. शिकत असताना मी एका विद्यापीठाच्या केंद्रावर निवेदन करायचो (कुठल्या, ते विचारू नका). वसतिगृहाचं पाणी खराब येत होतं. आम्ही मुलांचे आवाज रेकॉर्ड केले, टाकीची पाहणी केली, तारखांसकट सगळं जोडलं. केंद्रप्रमुखांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘ही बातमी झाली. परवाना घालवायचाय का?’ आम्ही तावातावाने भांडलो. शेवटी त्याच आठवड्यात एका डॉक्टरांना बोलावलं आणि ‘पाण्यातून होणारे आजार’ असा अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला. कुठल्या पाण्याबद्दल चाललंय, हे परिसरातल्या प्रत्येकाला कळलं. टाकी धुतली गेली. तुमचा तो ‘आरोग्य-सल्ला’ असाही तयार होतो, साहेब. केंद्रप्रमुख परवान्याला भ्याले की कुलगुरूंना, असं तुम्ही विचाराल. विचारा. मी त्या खोलीत होतो, तुम्ही नव्हता.

ओव्यांचं म्हणाल तर किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, हेही या केंद्रांसाठीच्या सरकारी धोरणातच लिहिलं आहे. जवळच्या गावातल्या बाईला माइकसमोर बसवून, आवाजाची लेव्हल जुळवून, मागचा कुत्र्याचा आवाज काढून तिची ओवी ऐकवणं हे वेळ भरून काढणं वाटत असेल, तर एकदा करून बघा. पहिल्या ओवीलाच ती लाजून गप्प होते आणि खरं रेकॉर्डिंग सुरू होतं ते यंत्र बंद केलंय असं तिला वाटल्यावर. मग ते वापरू का, म्हणून तिला पुन्हा विचारायचं.

एक मान्य करतो. काही केंद्रांवर प्राध्यापक मंडळी शोधनिबंध माइकसमोर सरळ वाचून दाखवतात, ते असह्य असतं. तुम्ही हे लिहिलं नाहीत, पण लिहिलं असतंत तर मी दाद दिली असती.

बाकी ‘ऐकतो कोण’, अनुदान, पॉडकास्ट यांवर काय बोलायचं? पॉडकास्ट करायला पोरांना कुणी अडवलंय? करा की.

आणि हिंमतीबद्दल पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खाली स्वतःचं नाव टाका. टोपणनावाच्या आडून दुसऱ्याची छाती मोजणाऱ्या प्रतिक्रिया यापुढे इथे प्रसिद्ध होणार नाहीत. ‘काका’ चालेल.