बोट लागली, गाव कोरडंच

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच भांडण चाललंय. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात किनाऱ्यालगतची जमीन रिसॉर्टला द्यायची की नाही? 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. कोकणचा कॅलिफोर्निया तर त्याच्याही आधीपासून होतोच आहे. मी "जरा थांबा" लिहिलं आणि चुलतभाऊ उसळला, "तू थय बोटी बघतस नि आमका थांबा म्हणतस?"

बोटी बघतो हे खरं. जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर फालमथला मी हिशेबनिसाची नोकरी करतो. 2011 साली इथे क्रूझचा धक्का झाला. पाच हजारांवर माणसं घेऊन बोट लागते तेव्हा सगळा गाव तिच्यापुढे खेळण्यातला वाटतो. पण बहुतेक प्रवासी कुंपणाआतल्या दुकानांत रमतात, नाहीतर थेट बसने डन्स रिव्हरचा धबधबा गाठतात. संध्याकाळी भोंगा वाजला की गाव पुन्हा आपला आपण.

गाव बघण्याजोगा आहे हो. 1769 सालचा, साखरेवर आणि गुलामांच्या घामावर श्रीमंत झालेला. न्यूयॉर्कच्या आधी आमच्याकडे नळ आला, हे इथले लोक छाती फुगवून सांगतात. 1838 मध्ये गुलामगिरी संपली त्या रात्री इथल्या लोकांनी बेड्या आणि चाबूक शवपेटीत घालून पुरले. बुधवारी ‘बेंड डाउन’ बाजार भरतो: माल जमिनीवर मांडलेला, घ्यायचा तर वाकायलाच हवं. मी रस्त्याकडेला कॅलालूची जुडी घेतो. नाव काही असो, चवीला आपला माठच. गळ्यात बोटीचं कार्ड अडकवलेला माणूस तिथे क्वचितच दिसतो.

आणि समुद्र? 1956 च्या कायद्याने इथला किनारा सरकारच्या मालकीचा, पण लोकांना तिथे जाण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. उत्तर किनाऱ्याचा बराच भाग हॉटेलांच्या भिंतींमागे गेलाय. पोहायचं तर अनेक ठिकाणी तिकीट. समुद्राकाठी जन्मलेल्या पोरांना!

तिकडे वेंगुर्ल्याला आमच्या गावात अजून रापण लागते, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढतात. दोर ओढायला तीसचाळीस माणसं वाळूवर मागे मागे सरकतात, त्यांना जागा लागते. वाटेत कुंपण आलं की रापण संपली.

म्हणून भावाला शेवटी लिहिलं: जमीन दे, तुझी आहे. पण करारात किनाऱ्याकडे जाणारी पाणंद लिहून घे, खांद्यावर जाळं घेतलेली चार माणसं जातील एवढी रुंद.

त्याने नुसता अंगठा टाकलाय. होकार की टोमणा, कळलं नाही.