इन्फ्रा या सदराखाली

आमच्या टीमच्या सुधारणेची जबाबदारी सध्या माझ्यावर आहे. म्हणजे पॅन्ट्रीतलं कॉफीचं मशीन दुरुस्त करून घेण्याची.

हे कसं झालं ते सांगते, कारण अजून पोटात दुखतंय. रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकांसाठी सोडण्याच्या, रात्री डेटाबेसच्या एका टेबलावर इंडेक्स, म्हणजे माहिती लवकर सापडावी म्हणूनची सूची, टाकायचा होता. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, त्या टेबलात काही हजार ओळी. एंटर दाबून हात उचलेपर्यंत काम झालं. प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर, त्याच टेबलात कोटींनी ओळी. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये साधा 'क्रिएट इंडेक्स' चालवला की तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात कुणाला काही लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं. ग्राहकाला आपल्या जुन्या ऑर्डरी अगदी व्यवस्थित दिसत होत्या, नवी देता येत नव्हती. 'कॉन्करंटली' हा एक शब्द मध्ये असता तर वेळ जास्त लागला असता, पण दुकान चालू राहिलं असतं. स्क्रिप्ट कुणाची होती ते सांगत नाही. मुलगा चांगला आहे आणि त्याचं नुकतंच लग्न ठरलंय. शिवाय ती सगळ्यांनी तपासली होती आणि स्टेजिंगवर हिरवा टिक आला होता. म्हणून रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून पाहण्याच्या टीमच्या बैठकीत, मी पिवळ्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'स्टेजिंगवर प्रॉडक्शनएवढा डेटा हवा.'

रेट्रो घ्यायला दुसऱ्या टीममधून एक तटस्थ माणूस आणला होता. तटस्थ का, तर त्याला आमच्या रिलीजबद्दल काहीही माहीत नव्हतं. हीच त्याची पात्रता, आणि ती त्याने शेवटपर्यंत जपली. सुरुवातीला त्याने सांगितलं की इथे कुणी कुणाला दोष द्यायचा नाही, त्या वेळी जे माहीत होतं आणि हाताशी होतं त्यात प्रत्येकाने आपल्या परीने उत्तमच केलं असं धरून चालायचं. हे तत्त्व चांगलंच आहे. नवरदेवाने इतका मोठा सुस्कारा सोडला की भिंतीवरची एक चिठ्ठी खाली पडली.

मग चिठ्ठ्यांचे गट करणं सुरू झालं. तटस्थाच्या एका हातात माझी चिठ्ठी होती, दुसऱ्या हातात कुणाची तरी : 'कॉफी मशीन सारखं बंद.'

"हे दोन्ही मी एकत्र करतोय," तो म्हणाला.

"का?"

"दोन्ही इन्फ्रा आहेत ना. इन्फ्रास्ट्रक्चर."

"एक डेटाबेस आहे. दुसरी दूध पावडर आहे."

"हो, पण थीम बघ ना. अव्हेलेबिलिटी."

"सर्व्हर बंद पडलाच नव्हता. टेबल लॉक झालं होतं."

"मशीनचंही तेच होतं," मागून आमची टेस्टर म्हणाली. "कप अडकतो आणि दार लॉक होतं." तिचा चेहरा इतका निर्विकार होता की ती कुणाच्या बाजूने आहे ते मला अजून कळलेलं नाही.

"सी?" तटस्थ खूश झाला. "पॅटर्न आहे."

"अरे, एकात कंपनीच्या ऑर्डरी अडकल्या. दुसऱ्यात कागदी कप अडकतो."

"एक मिनिट, आपण सोल्यूशनमध्ये जातोय."

"मी अजून प्रॉब्लेममध्येच आहे."

"गुड. ते फीलिंग लिही. गुलाबी चिठ्ठीवर."

गुलाबी चिठ्ठ्या भावनांसाठी होत्या. मी लिहिली. ती त्याने 'कम्युनिकेशन' या गटात लावली.

मग मतदान. प्रत्येकाला तीन गोल स्टिकर. त्यांना डॉट म्हणायचं असतं, आम्ही टिकल्या म्हणतो. टिकल्या लावायला सगळे फळ्याकडे निघतात आणि मधल्यामध्ये थबकतात, कारण मॅनेजर आधी कुठे लावतोय ते पाहायचं असतं. त्याने एक 'इन्फ्रा'वर लावली आणि तिथे रांग लागली. खरं तर मतं गुपचूप कागदावर लिहून एकदम उघडावीत. स्टोरी पॉइंट, म्हणजे एखादं काम (स्टोरी) किती मोठं आहे त्याचे गुण, ठरवताना पत्ते एकाच वेळी उलटे करतो ते याचसाठी. पण एका छोट्या स्टोरीला तीन की पाच द्यायचे यासाठी जी खबरदारी घेतो ती टीमने पुढे काय सुधारायचं यासाठी घ्यावी, असं कुणालाच वाटत नाही.

बरं, चिठ्ठ्यांचे गट केले नाहीत तरी पंचाईतच. एकाच दुखण्याच्या तीन चिठ्ठ्या असल्या की मतं फुटतात आणि चौथंच काहीतरी निवडून येतं. बोर्दा नावाच्या फ्रेंच गणित्याने 1770 साली पॅरिसच्या अकादमीत हेच मांडलं होतं की तीन उमेदवार झाले की नुसती पहिली पसंती मोजून भलताच माणूस निवडून येऊ शकतो. गृहस्थ नौदलातले. त्याने पसंतीक्रमाला गुण देण्याची पद्धत काढली. ती आमच्या तटस्थाला सांगावी असं मनात आलं होतं, पण पसंतीक्रमासाठी तो वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या काढेल या भीतीने गप्प बसले.

निकाल लागला. इन्फ्रा पहिला! मला क्षणभर खरंच वाटलं, झालं काम. मग त्याने फळ्यावर अधिक चिन्हासारख्या दोन रेघा मारल्या. एकीकडे फायदा, दुसरीकडे कष्ट. माझी चिठ्ठी 'जास्त कष्ट'मध्ये गेली, कारण कुणीतरी म्हणालं की ग्राहकांचा डेटा म्हणजे सिक्युरिटीची परवानगी, मग बजेट. मी म्हटलं, ग्राहकांचा डेटा मागतंय कोण? पोस्टग्रेसचं 'जनरेट सिरीज' वापरून खोट्या कोटभर ओळी भरता येतात, दुपारभराचं काम आहे. तटस्थ म्हणाला, सोल्यूशन. कॉफी मशीन 'कमी कष्ट'मध्ये बसलं आणि त्याला क्विक विन अशी पदवी मिळाली. "इन्फ्रा तूच मांडलंस ना?" असं म्हणून त्याने पुढे माझं नाव घातलं.

या सगळ्याचं मूळ फेब्रुवारी 2001 मध्ये आहे. अमेरिकेत युटा राज्यात स्नोबर्ड नावाचं स्कीइंगचं ठिकाण आहे, तिथे सतरा जण जमले आणि अजाइल या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा निघाला. त्याच्या बारा तत्त्वांतलं शेवटचं हेच : टीमने ठरावीक काळाने मागे वळून पाहावं आणि आपलं वागणं सुधारावं. बर्फात बसून हे सुचणं सोपं आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून आलेल्या माणसाला मागे वळून पाहिलं तरी बस दिसते आणि पुढे पाहिलं तरी बसच. स्क्रम ही अजाइलचीच एक पद्धत, तिच्या 2017 च्या गाइडमध्ये निदान एवढी सक्ती होती की रेट्रोत निघालेली किमान एक महत्त्वाची सुधारणा पुढच्या स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या पुढच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याच्या, कामात धरायचीच. 2020 च्या आवृत्तीत ती गेली. आता सर्वांत परिणामकारक सुधारणा लवकरात लवकर हाती घ्याव्यात, वाटल्यास स्प्रिंटमध्ये घालाव्यात, असं मऊ शब्दांत म्हटलंय. आमच्याकडे ही 'वाटल्यास' बरोबर वाचली गेली आहे.

मला राग मशीनचा नाही. राग याचा आहे की मध्यरात्री फोनवर ग्राहकाची बोलणी आम्ही खाल्ली, आणि त्यावरचा उपाय 'जास्त कष्ट' या चौकोनात सरकवला तो त्या रात्री गाढ झोपलेल्या माणसांनी. पुढच्या रिलीजच्या स्क्रिप्टा आल्या आहेत, त्यात दोन नवे इंडेक्स आहेत. 'कॉन्करंटली' मी रिव्ह्यूमध्ये लिहून मागितलं. उत्तर आलं : स्टेजिंगवर पटकन होतंय, गरज वाटत नाही.

मशीनवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, तिकीट काढलंय का? काढलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला, अडकलेला कप चिमट्याने उपसला आणि सही घेऊन गेला. बोर्डावर 'इन्फ्रा'पुढे हिरवी खूण झाली. मॅनेजरने ग्रुपवर टाळ्या टाकल्या.

त्यानंतर तटस्थाचा फॉर्म आला. या रेट्रोत घालवलेल्या वेळाचं चीज झालं का, पाचपैकी गुण द्या, नाव देण्याची गरज नाही. मी एक दिला. आज त्याचं निमंत्रण आलं : 'एक गुण का, हे समजून घेऊ या', शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच, पाऊण तास. फक्त मला.