विकास कसा छापावा : होतकरू कार्यकर्त्यांसाठी काही टिप्स

परवा पेपरात घातलेली एक पुस्तिका घरी आली. गुळगुळीत कागद, वर मोठ्ठं 'कार्यअहवाल'. कव्हरवर साहेब हात जोडून, मागे दादा, त्यांच्या मागे भाऊ, आणि पार कोपऱ्यात जागा उरली म्हणून एक गटार. वाचून इतका भारावलो ना, म्हटलं राजकारणात येणाऱ्या पोरांसाठी काहीतरी लिहून ठेवावं. पक्ष कुठला ते विचारू नका, तुमच्या वॉर्डात जो जोरात असेल तो धरा.

आधी फोटोग्राफर बुक करा. कॉन्ट्रॅक्टर काय, नंतरही मिळतो, बहुतेक घरातलाच असतो.

काम निवडताना त्यावर नाव रंगवता येईल का बघा. ड्रेनेजचा पाइप जमिनीखाली जातो, त्याचा काय उपयोग? बाकडं टाका. पुण्यात नगरसेवकांच्या हातात 'स' यादी असते, म्हणजे बजेटमधली त्यांनी सुचवलेल्या वॉर्डातल्या कामांची यादी, तिच्यातून बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या असा विकास वर्षानुवर्षं झालाय. बादल्या घरोघरी आहेत, कचरा न्यायला गाडी कधी येते ते फक्त विचारू नका.

महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नसेल तर आणखी मजा. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. तेव्हा जे चांगलं झालं ते आपल्या पाठपुराव्याने, खड्डे प्रशासकाचे.

फ्लेक्स लावायला घाबरू नका. विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ चा आहे, दंड २००० रुपयांपर्यंत, म्हणजे फ्लेक्सपेक्षा दंड स्वस्त! तीन महिने कैदही लिहिलीय म्हणे, पण ती वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी भोगलेला कुणी मला अजून भेटायचाय.

आश्वासन नेहमी आकड्यात द्या. २०२४ च्या विधानसभेआधी लाडक्या बहिणींना महिन्याला १५०० रुपये सुरू झाले, प्रचारात २१०० म्हटलं, पुढच्या सप्टेंबरात आलं काय तर ई-केवायसी. समोरचे तर ३००० म्हणत होते, त्यांना द्यायची वेळच आली नाही, नशीबवान.

आता मुख्य टिप. एका कामातून किमान चार कार्यक्रम निघाले पाहिजेत. मंजुरीबद्दल अभिनंदन, मग भूमिपूजन, मग साहेबांची पाहणी, मग लोकार्पण. आमच्या गल्लीत पाण्याच्या नव्या लाइनचं लोकार्पण होतं. रविवारी सकाळपासून गल्लीच्या तोंडावर मांडव, डीजे, खुर्च्या, आणि नळाला थेंब नाही म्हणून सोसायटीने मागवलेला टँकर मांडवाच्या पलीकडे उभा. पाण्याच्या लोकार्पणामुळे पाणी आत येईना! मी जाऊन म्हटलं, बाबांनो एक बाजू सोडा, टँकर जाऊ दे, तर गळ्यात उपरणं घातलेला पोरगा म्हणतो, "काका, साहेब येईपर्यंत थांबा की, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय." साहेब दोन तास उशिरा. टँकरवाला किती वेळ थांबणार, तो दुसरीकडे गेला, दुपारी दुसरा मागवला त्याने रविवारचे जास्त घेतले, वर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बादली घेऊन जिन्यात बसलेल्या, आणि साहेब आले, नारळ फोडला, नळाला हात लावून फोटो काढला, नळ सोडला नाही हं, नुसता हात लावला, आणि पुढच्या लोकार्पणाला गेले. तो फोटो आता ह्या पुस्तिकेत आहे. खाली लिहिलंय, 'पाणीप्रश्न कायमचा मिटला'.

मिटला? कुणाचा मिटला? तुमच्या बंगल्यावरचा मिटला असेल. पट्टी आम्ही भरतो, टँकरचे पैसे आम्ही भरतो, ह्या पुस्तिकेचा कागदही फिरून आमच्याच खिशातून आलेला असणार, आणि वर 'साहेबांचे हार्दिक आभार' असा फ्लेक्स आमच्याच सोसायटीच्या गेटवर, तोही 'समस्त रहिवासी' ह्या नावाने. कोण समस्त? मला कुणी विचारलं नाही, आजींना विचारलं नाही. काम केलं तर उपकार नाही करत, त्यासाठीच निवडून दिलंय, आणि इथं तर काम पण नाही, नुसता फोटो! लाज वाटत नाही का रे?

तो फ्लेक्स आजच्या आज उतरवा. टाकलीय ना लाइन, मग पाणी सोडा तिच्यात. आणि मांडवाच्या बांबूंसाठी नव्या काँक्रीटमध्ये जी भोकं पाडलीत ती बुजवा, स्वतः येऊन, फोटोग्राफर न आणता.