म्हणे, नर्सलाच काही कळत नाही!

‘शंभरातल्या फक्त सतरा आरोग्य कर्मचाऱ्यांना ओआरएस माहीत असते. ज्यांना एवढेही कळत नाही त्यांच्याकडे बाळ नेताच कशाला?’ अशा सुरुवातीचा एक लांबलचक मजकूर सध्या फिरतो आहे. (ओआरएस म्हणजे जुलाबात अंगातले पाणी भरून काढायला द्यायचे मीठ-साखरेचे द्रावण.) फिरेना का, म्हणून सोडूनही दिले असते. पण परवा धाकट्या जावेने विचारले, ‘ताई, पाकीट अर्ध्याच पाण्यात कालवलं तर लवकर गुण येतो म्हणे. खरं का?’ पदरात आठ महिन्यांचे बाळ, त्याला जुलाब, आणि वर त्याच मजकुरातला हा सल्ला!

तर आधी त्या अर्ध्या पाण्याचेच बघू. मजकुरातले बाकीचे खुळचट आहे, हे जीवघेणे आहे. दाट ओआरएस म्हणजे जास्त ताकदीचे औषध नव्हे. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. सगळा खेळ प्रमाणाचा आहे. द्रावण दाट झाले की आतड्यात अंगातलेच पाणी ओढले जाते, जुलाब वाढतात, रक्तातले सोडियम चढते, बाळाला झटकेही येऊ शकतात. ज्या शोषापासून, म्हणजे अंगातले पाणी कमी होण्यापासून, बाळाला वाचवायचे तोच आपण हाताने वाढवायचा.

गंमत म्हणजे त्याच मजकुरात पुढे तक्रार आहे की ‘हे लोक दर काही वर्षांनी सल्ला बदलतात’. बदलतात ना! ओआरएसचेच घ्या. जुन्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षार-साखरेची तीव्रता, ३११ होती. २००२ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ती २४५ वर आणली. का? तर चाचण्यांमध्ये कमी तीव्रतेच्या द्रावणाने जुलाब आणि उलट्या कमी झाल्या, सलाईन लावायची वेळ कमी मुलांवर आली. जगभरचे डॉक्टर तीव्रता कमी करत आले आणि हे महाशय दुप्पट करायला सांगतात.

आता ते ‘शंभरात सतरा’. हा आकडा हवेतला नाही, पण त्याची पार मोडतोड केली आहे. बिहारच्या ग्रामीण भागात ३४० उपचारकांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली ‘जामा पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आधी त्यांना तोंडी विचारले, जुलाब झालेले मूल आले तर काय द्याल? सुमारे ७२ टक्के म्हणाले, ओआरएस. मग पालक असल्याची बतावणी करून माणसे त्यांच्याकडे पाठवली, तेव्हा दिले जेमतेम १७ टक्क्यांनी. म्हणजे माहीत होते बहुतेकांना, केले थोड्यांनी. शिवाय यातल्या बहुसंख्यांकडे वैद्यकीय पदवीच नव्हती आणि थोडेफार रीतसर शिक्षण झालेल्यांना योग्य उपचार जास्त ठाऊक होता. यावरून ‘शिकलेल्यांकडे जाऊ नका’ असा निष्कर्ष काढायला वेगळीच प्रतिभा लागते.

एक मुद्दा मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करावा लागेल. ‘साधी सर्दी असली तरी लस न देता परत पाठवतात.’ हो, पाठवतात. साधी सर्दी, किरकोळ ताप, थोडे जुलाब ही लस थांबवायची कारणे नाहीत आणि हे लस देणाऱ्याला माहीत असायलाच हवे. पण ‘म्हणजे लस धोक्याची आहे हे त्यांनाही कळते’ हे शेपूट कुठून आले? चुकते ते परत पाठवण्यात. ते बाळ पुढे महिनोन्‌महिने लसीविना राहते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यात वरचे पाणी द्या म्हणे, ‘नर्सला उन्हाळा कळत नाही’. आईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असते, वरचे लागतेच कशाला? पुढे!

खरा प्रश्न त्या मजकुराने विचारलेलाच नाही. माहीत असून ओआरएस देत का नाहीत? कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी उपचारकांचा अभ्यास २०२४ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला. साठा नसणे किंवा दुसऱ्या औषधांतून मिळणारा नफा ही कारणे किरकोळ निघाली. सगळ्यात मोठे कारण म्हणजे ‘लोकांना ओआरएस नकोच असते’ हा उपचारकांचा समज. पालकांना ओआरएस हवे आहे असे कळले तेव्हा ते देण्याचे प्रमाण शंभरामागे २७ ने वाढले. म्हणजे असले मजकूर पुढे ढकलणारे तो समज पक्का करायला हातभारच लावताहेत.

तेव्हा जुलाब लागलेले मूल घेऊन जाल तेव्हा आपणहून विचारा, ‘ओआरएस आणि झिंक देणार ना?’ पाकिटावर जेवढे पाणी लिहिले आहे तेवढेच मोजून घ्या, अंगावरचे दूध चालू ठेवा. मूल मलूल पडले, काही पिईना, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले, तर घरी पाकिटे कालवत बसू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.