बूट काढा, क्षेत्रभेट आहे

महापालिकेच्या शाळेत क्षेत्रभेट म्हटलं की पोस्ट ऑफिस, अग्निशमन केंद्र, फार तर दूध डेअरी. तिथं कुणाच्या भावना दुखावत नाहीत. पण आमच्या मुख्याध्यापिका कुठल्याशा प्रशिक्षणाहून परतल्या आणि म्हणाल्या, "सर, यंदा सहावीला सगळ्या धर्मांची प्रार्थनास्थळं दाखवू या. तुम्ही बघा." या 'तुम्ही बघा'वर सरकारी खात्यांचा निम्मा कारभार चालतो.

आधी संमतीपत्रं. राज्यघटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि पालकांच्या संमतीवाचून पोराला उपासनेला बसवता येत नाही. धर्मांची माहिती देणं मात्र वेगळं, त्याला घटनेची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सांगून ठेवलंय. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी हे सगळं समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग एक पालक म्हणाले, "ते ठीक आहे सर, पण तिथं पोरांना हात जोडायला लावणार का?"

म्हटलं, "नाही."

"म्हणजे देवळातसुद्धा नाही?" दुसरे उठलेच. तिसऱ्यांना यादीत बुद्धविहार शेवटी का, ते हवं होतं. वाद नको म्हणून मी यादी अकारविल्हे केली. पहिली अग्यारी आली. तिथं पारशांखेरीज कुणाला आत सोडत नाहीत.

गंमत म्हणजे याच पालकांची पोरं सहलीला कार्ल्याला जातात. तिथलं चैत्यगृह बौद्धांचं प्रार्थनास्थळच आहे, दोनेक हजार वर्षांचं, आणि त्याच्या तोंडाशी एकवीरा आई बसलेली. वेरूळला ३४ लेणी. बारापर्यंत बौद्ध, एकोणतिसापर्यंत हिंदू, उरलेली जैन. एका दुपारी तीन धर्म उरकतात आणि पालक विचारतात ते एवढंच, की गाडी लागणाऱ्या पोराला खिडकी मिळेल ना. देव पुरातत्त्व खात्याकडे वर्ग झाला की कुणाची हरकत नसते.

असो. खरी अडचण घटनेत नव्हतीच, बुटांत होती. शाळेतून मिळालेले बूट सगळे काळे, सगळे एकाच घाटाचे. देवळाबाहेर अख्ख्या वर्गानं ते एकदम काढले आणि एकदम आत धावला. बाहेर आल्यावर जे झालं, त्याला फाळणी म्हणतात. मशिदीत पुन्हा तेच. विहारातही तेच. चर्चमध्ये बूट काढायचे नसतात हे मी सांगेपर्यंत निम्मी पोरं पायऱ्यांवर अनवाणी उभी होती. त्यांनी ते घातले, आणि घालताना आणखी थोडी अदलाबदल झाली.

मशिदीत माझं काम मात्र एका मुलानं हलकं केलं. वर्गात हजेरीला 'हजर सर' म्हणण्यापलीकडे तोंड न उघडणारा पोरगा. हौदापाशी त्यानं बाह्या सारल्या आणि नमाजाआधीची वजू कशी करतात ते दाखवायला लागला. आधी हात, मग चूळ, मग नाकात पाणी, मग तोंड, मग कोपरापर्यंत हात. "पाणी वाया नाय घालवायचं," असं मॉनिटरलाच दरडावलं. मॉनिटरनं निमूटपणे नळ बंद केला. सहावी ब त्याचं मुकाट्यानं ऐकत होती. माझं असं कधी ऐकत नाही.

चर्चमध्ये एका मुलीनं क्रुसाकडे बराच वेळ बघून विचारलं, "सर, खिळे मारणाऱ्यांवर केस झाली का?" मी म्हटलं, तेव्हा सरकारच ते होतं. "मग नाहीच होणार," ती म्हणाली. नागरिकशास्त्राचा एवढा धडा मला वर्षभरात जमला नव्हता.

पुण्याच्या लष्कर भागातलं लाल देऊळ म्हणजे ज्यूंचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग. आधी परवानगी काढावी लागते, डोकं झाकावं लागतं, बूट चालतात. (मी सुस्कारा टाकला.) डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं, १८६७ साली पुरं झालं, त्यांची कबरही आवारातच आहे, असं मी सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "ससून हॉस्पिटलवाले?" होय म्हटल्याबरोबर निम्म्या वर्गानं हात वर केले. "सर, मी तिथंच जन्मलो!" सबंध दिवसात एवढी आपुलकी कुठल्याच देवाच्या वाट्याला आली नव्हती.

शेवटी गुरुद्वारा. डोक्याला रुमाल, बूट पुन्हा बाहेर, आणि लंगर. डाळ, रोटी, खीर. वाढणारे सरदारजी "और लो, और लो" म्हणत फिरत होते. शाळेच्या खिचडीत वाटाणा शोधणाऱ्या पोरांना ही भाषा लगेच कळली. एकानं मला कानात विचारलं, "सर, इथं रोज येता येतं?"

म्हणून कुणी मला विचारलंच, तर सरकारी शाळांनी पोरांना जरूर न्यावं. हात जोडायला लावू नये, जोडले तर ओढून सोडवू नयेत. भक्ती-अभक्तीचा घोर मोठ्यांना असतो. पोरं पंखे मोजतात, कबुतरं बघतात आणि खीर परत मागतात.

तक्रार यायची ती आलीच. दुसऱ्या दिवशी अर्ज हजर, प्रत माहितीसाठी वरिष्ठ कार्यालयाला. मी २८वं कलम हाताशी घेऊनच अर्ज उघडला. धर्माचं नावही नव्हतं. पाल्य घरी आला तेव्हा त्याचे दोन्ही बूट डाव्या पायाचे होते, तरी खुलासा व्हावा.

म्हणजे कुणाच्या तरी घरी दोन उजवे असणार. तिकडून अजून तक्रार नाही.